दिवाणखान्यांतील मानपत्र

स्त्रीला मत दिलें कीं संसाराची घडी विसकटली, असा धाक विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील प्रतिष्ठित मंडळी घालीत असत. या आक्षेपाला स्त्रियांनीं व्यासपीठावरून उत्तर दिलें आणि तुरुंगांत जाऊनहि दिलें. परंतु एक उत्तर त्यांनीं घराच्या भिंतीवर लावून ठेवलें होतें.

१९०९ च्या मे महिन्यांत लंडनमधील प्रिन्सेस स्केटिंग रिंक या विस्तीर्ण जागेंत ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ या संस्थेनें मोठें प्रदर्शन भरविलें. त्याची सजावट सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनीं योजिली होती. संस्थेच्या प्रमुख एमलीन पँकहर्स्ट यांच्या त्या कन्या. मँचेस्टर व लंडन येथील कलाशाळांत त्यांचें शिक्षण झालें होतें. बी पेरणारी स्त्री आणि पिकाची पेंढी घेऊन येणारी स्त्री त्यांनीं भव्य पटांवर चितारली. चहाच्या चिनी मातीच्या पेल्यांवर तुतारी फुंकणारा स्वातंत्र्याचा देवदूत होता. हे पेले पुढें विक्रीस निघाले आणि चळवळीचें चिन्ह चहाच्या मेजावर जाऊन बसलें. संस्थेचे तीन रंग १९०८ सालींच ठरले होते: जांभळा प्रतिष्ठेचा, पांढरा शुचितेचा, हिरवा आशेचा. त्याच १९०९ सालीं स्थापन झालेल्या ‘सफ्रेज अटेलिए’ या मंडळांत स्त्रिया स्वतः ठसे कोरून भित्तिपत्रकें व पोस्टकार्डें हातानें छापूं लागल्या.

या सर्व वस्तूंत मोलाची होती ती सिल्व्हियांनीं रेखिलेल्या मानपत्राची प्रत. जुन्या पोथ्यांप्रमाणें नक्षीनें सजविलेलें हें मानपत्र छापील असे. त्यांत तुरुंगवास भोगून सुटलेल्या स्त्रीचें नांव हातानें घातलें जाई आणि खालीं एमलीन पँकहर्स्ट यांची सही असे. नक्षी सर्वांना सारखी, नांव मात्र प्रत्येकीचें निराळें. अशी चौकट दिवाणखान्यांत लागली म्हणजे पाहुण्यांसमोर विषय निघणें क्रमप्राप्तच होतें. सरकारनें जो कलंक म्हणून दिला, तो घरानें भूषण म्हणून मिरविला.

१९१८ सालीं तीस वर्षांवरील स्त्रियांना, तोहि मालमत्तेच्या अटींवर, मताधिकार मिळाला; पुरुषांच्या बरोबरीनें मिळण्यास १९२८ साल उजाडावें लागलें. सिल्व्हियांनीं राजकारणासाठीं चित्रकला जवळजवळ सोडून दिली. प्रदर्शनांतील ते प्रचंड पट नाहींसे झाले. घरोघरीं जपलेले पेले व मानपत्रें मात्र संग्रहालयांपर्यंत पोहोंचलीं.

आज या चित्रांच्या प्रतिकृति चौकटींत बसवून घर शोभविण्यासाठीं घेतल्या जातात. त्यांत गैर कांहींच नाहीं. घरांत लागण्यासाठींच तीं चित्रें जन्मास आलीं. मात्र मूळच्या मानपत्रावर नांव लिहून घेण्याची किंमत तुरुंगाच्या कोठडींत मोजावी लागली होती, एवढें तें भिंतीवर लावतांना स्मरावें.