आयांना विचारले तेव्हा

क्ष-किरणांच्या इतिहासात रोंटगेनचे नाव पहिले येते, आणि ते यावेच. १८९५ साली त्याने हे किरण शोधले. पण त्यांची किंमत प्रथम मोजणाऱ्यांत एडिसनकडे काम करणारा क्लॅरेन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. हात भाजले, मग कापावे लागले, आणि १९०४ साली तो गेला. त्यावरून जाणत्यांनी बोध घेतला तो एवढाच, की कातडी भाजेल इतके किरण वाईट. थोडके असले तर भय नाही. १९२७ साली मुलरने फळमाशीवर किरण सोडून तिच्या संततीत पालट झालेले दाखवले. पण माशीचे कोण मनावर घेतो?

पुढे इंग्लंडात रक्ताच्या कर्करोगाने दगावणारी मुले वाढू लागली. ऑक्सफर्डच्या डॉक्टर ॲलिस स्ट्युअर्ट यांनी आयांनाच विचारायचे ठरवले. हाती पैसा नव्हता. हजार पौंड मिळाले ते लेडी टाटा स्मारक निधीतून. मेहेरबाई टाटा १९३१ साली याच रोगाने गेल्या होत्या. गिरणगावात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याच्या तोंडी मालकांची स्तुती सहसा येत नाही. पण हा पैसा सत्कारणी लागला!

दगावलेल्या आणि धडधाकट, दोन्ही मुलांच्या आयांना प्रश्न तेच. गरोदरपणी पोटावर क्ष-किरण घेतल्याचे दगावलेल्यांच्या आयांत सुमारे दुप्पट आढळले. हे १९५६ साली थोडक्यात व १९५८ साली सविस्तर छापले गेले. आक्षेप आला, की दुःखी आईला जास्त आठवते. आमच्या मजुरांच्या तक्रारींनाही हेच उत्तर मिळते! १९६२ साली अमेरिकेत मॅकमेहन याने आठवण बाजूला ठेवून इस्पितळांच्या दप्तरांतून सात लाखांवर जन्म तपासले. तेथेही कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्के अधिक निघाले.

किरण पेशीतल्या डी.एन.ए.चा धागा तोडतात. बहुतेक तुटी पेशी स्वतःच सांधते. दोन्ही पदर जवळजवळ तुटले तर सांधा चुकण्याचा संभव असतो. गर्भातल्या पेशी भराभर दुभागतात, म्हणून चूक पुढच्या पेशींत उतरते. बालकांचा कर्करोग मुळात दुर्मीळ, त्यामुळे दुप्पट झाला तरी आकडा लहानच. मोडलेल्या हाडाचा फोटो काढू नये असे कोणी म्हणत नाही. पण गर्भाला तो धोका कशासाठी?

१९५८ सालीच ग्लासगोच्या इयन डोनाल्डने ध्वनिलहरींनी पोटातले पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. ती रुळली, तसे गरोदर बाईच्या पोटावरचे क्ष-किरण हळूहळू मागे पडले.