बॉम्बे ब्लड ग्रुप : ‘ओ’सारखा दिसणारा, पण ‘ओ’ न चालणारा रक्तगट

‘ओ निगेटिव्ह रक्त कोणालाही चालते’ हे वाक्य शाळेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे भेटते. जवळजवळ सगळ्यांसाठी ते खरेही आहे. पण काही माणसांना हेच रक्त दिले तर जिवावर बेतू शकते. त्यांच्या रक्तगटाला चक्क मुंबईचे नाव आहे.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, जे ए, बी, एबी, ओ यांपैकी कोणाशीच जुळेना. त्याच वर्षी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे शहराचे नाव बदलले, रक्तगट मात्र बॉम्बेच राहिला.

आपल्या तांबड्या पेशींवर साखरेच्या रेणूंची एक रचना असते. तिला एच अँटीजेन म्हणतात. हा झाला पाया. त्यावर एक विशिष्ट साखर जोडली गेली की ए गट, दुसरी जोडली गेली की बी आणि दोन्ही असतील तर एबी. काहीच जोडले गेले नाही तर नुसता पाया उरतो, तोच ओ. म्हणजे ओ रक्त ‘कोरे’ नसते. उलट एच अँटीजेन सर्वांत जास्त त्यातच असते.

बॉम्बे गटात हा पायाच नसतो. त्यामुळे शरीराला एच परका वाटतो आणि त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात आधीपासूनच तयार असतात. ए, बी किंवा ओ, कोणतेही रक्त चढवले तरी आलेल्या पेशी फुटू लागतात. थंडी-ताप येतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, मृत्यूही ओढवू शकतो. अशा रुग्णाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते, तेही पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पाहून.

गंमत म्हणजे (खरे तर धोका म्हणजे) काचपट्टीवरच्या साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसते, कारण तिथे एच तपासलाच जात नाही. अनेकांच्या वाहन परवान्यावर त्यामुळे ‘ओ’ असेच लिहिलेले असते. खरा प्रकार उघड होतो तो रक्तपेढीत क्रॉसमॅच करताना, जेव्हा ओ गटाची एकही पिशवी जुळत नाही.

हा गट आनुवंशिक आहे. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो मिळतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. भारतात अंदाजे १० हजारांत एक, तर युरोपात सुमारे १० लाखांत एक व्यक्ती या गटाची असते. त्यातून घरात भलताच गोंधळही होऊ शकतो. या व्यक्तीत ए किंवा बीचे जनुक असू शकते, पण पाया नसल्याने ते दिसत नाही. मुलात मात्र ते प्रकट होऊ शकते. कागदावर आईवडील दोघेही ‘ओ’ आणि मूल ‘बी’! अशा वेळी आईवर संशय घेण्याआधी दोघांचेही रक्त नीट तपासायला हवे.

तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतात, त्यामुळे या गटाच्या पिशव्या सहसा साठवून ठेवल्या जात नाहीत. रक्तपेढ्या दात्यांची यादी ठेवतात आणि गरज पडली की फोन करतात. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे स्वतःचेच रक्त काढून ठेवणे हाही एक मार्ग असतो. घरात एक जण बॉम्बे गटाचा निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करून घेतात. आईवडील केवळ वाहक असतील तर प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता २५ टक्के असते.