तानपुरा ड्रायवॉलच्या भिंतीवर कसा लावायचा? खिळा ठोकण्याआधी या गोष्टी समजून घ्या

मिरजेत बनलेला तानपुरा अमेरिकेतल्या घरी सुखरूप पोहोचला, की पुढचा प्रश्न असतो तो ठेवायचा कुठे? साडेचार-पाच फुटांचं हे वाद्य कोपऱ्यात उभं केलं, तर कुणाचाही धक्का लागू शकतो. भोपळा वाळवलेला असतो, त्याचं कवच पातळ असतं. तो तडकला तर दुरुस्त करणारा कारागीर परदेशात सहज मिळत नाही.

म्हणून अनेकांना भिंत सुरक्षित वाटते. पण तिथल्या घरांच्या आतल्या भिंती बहुतेक वेळा विटांच्या नसतात, ड्रायवॉलच्या असतात. आणि इथेच गडबड होते.

ड्रायवॉल म्हणजे काय?

जिप्समचा थर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जाड कागद, असा हा बोर्ड असतो. अमेरिकेतल्या घरांत तो साधारण अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या मागे लाकडाचे उभे खांब असतात, त्यांना 'स्टड' म्हणतात. दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर बहुधा १६ इंच, काही ठिकाणी २४ इंच असतं. मधली जागा पोकळ असते.

पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांमधली जिप्समची पार्टिशन याच प्रकारची असतात. फक्त मागे लाकडाऐवजी पत्र्याचे चॅनल असतात.

तानपुरा तर हलका असतो, मग अडचण काय?

अडचण वजनाची कमी आणि अंतराची जास्त आहे. भोपळा गोल असल्यामुळे वाद्याचा भार भिंतीपासून लांब येतो. समजा तानपुरा ५ किलोचा आहे आणि त्याचा भार भिंतीपासून २० सेंटिमीटरवर पडतोय. खाली लावलेल्या ब्रॅकेटचा भिंतीलगतचा भाग १० सेंटिमीटर उंच असेल, तर वरचा स्क्रू साधारण १० किलोच्या ताकदीने बाहेर ओढला जातो. तोच भाग २० सेंटिमीटर असेल, तर ओढ ५ किलोवर येते. ठिसूळ जिप्सममध्ये ठोकलेला खिळा अशा ओढीने हळूहळू सैल होतो आणि एक दिवस निघून येतो.

गिटारचा हूक का चालत नाही?

गिटारचं डोकं मानेपेक्षा रुंद असतं, म्हणून ती हुकात अडकून राहते. तानपुऱ्याच्या दांडीला असा रुंद भाग नसतो. हूक लावला तर सगळं वजन खुंट्यांवर येतं. खुंट्या फक्त घर्षणाने जागेवर टिकतात. त्यांवर भार आला तर सूर उतरतो, खुंटीचं भोकही खराब होऊ शकतं.

म्हणून साधा नियम: वजन खालून पेलायचं, वरून फक्त तोल सांभाळायचा.

मग लावायचा कसा?

१. आधी वजन करा. वजनकाट्यावर तानपुरा घेऊन उभे राहा, मग तानपुऱ्याशिवाय. दोन्हींतला फरक म्हणजे वाद्याचं वजन.

२. स्टड शोधा. बोर्ड स्टडला स्क्रूने बसवलेला असतो. भिंतीवरून चुंबक फिरवला की स्क्रूपाशी तो चिकटतो. तसे दोन-तीन बिंदू एका उभ्या रेषेत आले की स्टड सापडला. स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असू शकते.

३. शेजारच्या दोन स्टडवर दोन ब्रॅकेट लावून जमिनीपासून फूटभर उंचीवर फळी बसवा. ब्रॅकेटचा भिंतीलगतचा भाग जितका उंच, तितकं चांगलं.

४. फळीवर सुती कापडाची जाड चुंबळ ठेवा आणि भोपळा तिच्यात बसवा. तारा अडकवलेल्या खालच्या लंगोटावर भार येऊ देऊ नका.

५. वर, खुंट्यांच्या खाली, दांडीला मागून आधार देणारा लाकडी ठोकळा लावा. भोपळ्यामुळे दांडी भिंतीपासून दूर राहते, म्हणून तो तेवढा लांब हवा. त्यावर फेल्ट किंवा सुती कापड चिकटवा. रबर नको, काही पॉलिशवर त्याचे डाग पडतात. पुढून सुती पट्टा सैलसर बांधा, तारा दाबल्या जाऊ नयेत.

६. वाद्य ठेवण्याआधी फळीवर २० पौंडांची, म्हणजे साधारण ९ किलोची तांदळाची पिशवी रात्रभर ठेवून बघा.

स्टड योग्य जागी नसेल तर?

विटांच्या भिंतीत वापरतात तो प्लॅस्टिकचा गट्टू इथे फळीसाठी भरवशाचा नाही. बोर्डामागे पंख उघडणारा टॉगल बोल्ट त्यापेक्षा चांगला. पण पाकिटावरच्या वजनाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त भार देऊ नका.

घर भाड्याचं असेल, तर फळी टाळा. भोपळा जमिनीवरच्या बुटक्या, रुंद स्टुलावर चुंबळीत ठेवा आणि भिंतीला फक्त वरचा आधार लावा. भिंतीवर जवळजवळ भार येत नाही आणि घर सोडताना बुजवायला भोकंही कमी राहतात.

भिंत कुठली निवडायची?

ऊन येणारी, हीटर किंवा एसीच्या झोताजवळची आणि दार आपटणारी भिंत नको. थंडीत हीटरमुळे हवा कोरडी होते आणि लाकूड आकसतं. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघा. आणि दर काही महिन्यांनी स्क्रू आणि पट्टा हाताने तपासा. बोर्डाला बारीक चीर दिसली, तर आधी तानपुरा खाली उतरवा, मग दुरुस्तीचं बघा.