सोवळ्यातला साबुदाणा

गेल्या आषाढी एकादशीला माझ्या मुलाचा एक सहकारी आमच्याकडे सदाशिव पेठेत फराळाला आला. तो मूळचा तमिळनाडूतल्या सेलमचा, पुण्यात नोकरीला. ‘तुमच्या पेठेतला खरा जुना पदार्थ खायचाय,’ असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. बाहेरगावच्या पाहुण्याला इथे काय खाऊ घालायचे याची यादी आम्हा पेठकरांना पाठ असते. अळूची भाजी, पुरणपोळी, मिसळ, मस्तानी. पण दिवस एकादशीचा. मी साबुदाण्याच्या खिचडीची बशी त्याच्यापुढे ठेवली आणि ठासून सांगितले, ‘याहून जुने आमच्याकडे काही नाही.’

त्याने एक घास खाल्ला, साबुदाण्याचा एक दाणा बोटावर घेतला आणि हसून म्हणाला, ‘काका, हा बहुतेक आमच्याच गावचा.’ मग शेंगदाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘आणि याला आमच्या आजोळी मणिला म्हणतात.’

पाहुणा गेल्यावर मी पुस्तके काढून बसलो. खिचडीची बशी अशी कागदावर उलगडत गेली की माझ्या ठासून बोलण्याची मलाच लाज वाटली.

आधी साबुदाणा. मूळ ‘सागू’ हा मलाय भाषेतला शब्द; तिकडच्या एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यातून काढलेल्या पिठाचे हे दाणे. आपण आज खातो तो साबुदाणा मात्र टॅपिओकाच्या, म्हणजे कसावाच्या कंदाचा. हा कंद दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो केरळात आला आणि १८८० च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला जोर दिला. साबुदाणा पूर्वी मलाया-सिंगापूरकडून यायचा. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले, माल बंद झाला, आणि पुढच्याच वर्षी सेलमच्या माणिक्कम चेट्टियार यांनी टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करायला घेतला. कंद सोलून पाण्यात वाटायचे, पीठ खाली बसू द्यायचे, ओले पीठ कापडात हलवून दाणे वळवायचे, मग भाजून उन्हात वाळवायचे. आजही देशातल्या साबुदाण्याचा मोठा व्यवहार सेलमभोवतीच चालतो. पाहुणा थट्टा करत नव्हता.

शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. १५६५ पासून १८१५ पर्यंत स्पॅनिश गलबते मेक्सिकोतल्या आकापुल्को बंदरातून फिलिपिन्समधल्या मनिलाला ये-जा करत होती. अमेरिकेतली अनेक पिके या वाटेने आशियात उतरली. तमिळनाडूच्या काही भागांत भुईमुगाच्या दाण्याला ‘मणिलाकोट्टै’, म्हणजे मनिलाची बी, म्हणतात. त्या प्रवासाची खूण नावात अशी अजून शिल्लक आहे. बटाट्याने तर नावही बदलले नाही. ‘बटाटा’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून जसाच्या तसा घेतला. एकोणिसाव्या शतकात तो आपल्या जिल्ह्यात खेड-जुन्नरकडे चांगला रुजला. मिरचीही पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात आणलेली. उरले तूप, जिरे आणि मीठ.

ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने ही पेठ वसली, ते १७६१ साली पानिपतावर पडले. आज आपण करतो ती खिचडी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

आता प्रश्न असा, की इतके परदेशी पदार्थ पुण्यातल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात, तेही उपासाच्या ताटात, गेले कसे? मला वाटते, उपासाचा नियम धान्याचा होता. भात, गहू, डाळी चालत नाहीत, फळे आणि कंदमुळे चालतात. समुद्रापलीकडून आलेल्या वस्तूंची नावे जुन्या निषेधाच्या यादीत असणे शक्यच नव्हते. त्या फटीतून बटाटा, रताळे, शेंगदाणा, साबुदाणा एकेक करून आत आले. कोथिंबीर उपासाला चालते की नाही, यावर आमच्या पेठेत आजही दोन घरांचे एकमत होणार नाही; बटाट्याबद्दल मात्र कोणाची तक्रार नाही.

याच शहरात १८९० च्या ऑक्टोबरात काय घडले ते आठवून पाहा. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले, त्यानंतर मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेला हा प्रसंग. उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापली गेली, आणि ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. एक पेला चहा शहराला वर्षानुवर्षे भांडायला पुरला. त्याच वर्षांत बटाटा आणि मिरची सोवळ्यातल्या चुलीपर्यंत बिनबोभाट पोचली होती. त्यांच्यावर ग्रामण्य कोणी केले नाही.

कारण पुणे वस्तूचे गाव विचारत नव्हते. हात कोणाचा, एवढेच विचारत होते. चहा बाटला तो चहा म्हणून नव्हे, तर मिशनच्या छपराखाली, ख्रिस्त्यांच्या हातचा होता म्हणून. पेरूच्या डोंगरातला बटाटा माजघर ओलांडून आत गेला; तो डोक्यावरून आणणारी बाई अंगणातच थांबली. आमच्या वाड्यातही ती तिथेच थांबायची. हे मी स्वतः पाहिले आहे.

आणखी एक पाहिले आहे. आमच्या वाड्यात खिचडी करायची ती आत्याआजी, माझ्या आजोबांची बहीण. लहानपणीच विधवा झालेली, अंगावर कायम लाल आलवण. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम १८९६ साली काढला तो याच पुण्यात, पण आत्याआजीपर्यंत त्याची वाट पोचली नाही. ती एकभुक्त राहायची आणि घरातले सगळे उपास तिच्या वाट्याचे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून आम्ही मुले हसत पुन्हा ताट पुढे करायचो. ती वाढायची आणि स्वतः वाटीभर दूध नि केळे घेऊन कोपऱ्यात बसायची. तिच्या हातची खिचडी साऱ्या वाड्याला हवी असे. हळदीकुंकवाला मात्र तो हात कोणाला नको असे. साबुदाणा किती वेळ भिजवायचा, दाण्याचे कूट कधी घालायचे, झाकण किती वेळ ठेवायचे, हे सगळे तिला हाताला ठाऊक होते. महिन्याच्या दोन एकादश्या, चतुर्थ्या, सोमवार, चातुर्मास. इतके उपास ज्यांच्यावर लादले गेले, त्याच बायकांनी परक्या कंदांचे असे रुचकर पदार्थ घडवले असणार. पोटभर जेवणाऱ्यांना त्याची गरज नव्हती.

म्हणून खिचडी जुनी आहे का, हा प्रश्न मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तिच्यातला जिन्नस जगभरचा आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. जुना आहे तो उंबरठा, ज्याने साता समुद्रापलीकडचा कंद आत घेतला आणि गल्लीतले माणूस बाहेर ठेवले. परंपरा सांगताना आपण पदार्थाचे कौतुक करतो आणि त्या उंबरठ्याचे नाव घेत नाही.

सेलमचा तो मुलगा कार्तिकी एकादशीला पुन्हा येतो म्हणाला आहे. या वेळी मी त्याला ‘जुना पदार्थ’ म्हणून काही वाढणार नाही. साबुदाणा त्याच्या गावचा, शेंगदाणा मनिलाच्या वाटेचा, बटाटा खेडचा आणि करण्याची रीत आत्याआजीची, असे सांगेन. आणि आमच्या दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनाही त्या दिवशी आत, टेबलाशीच बसवायचे ठरवले आहे. बायकोला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘त्यांनाही उपास असतो. साबुदाणा जास्त भिजवते.’