तक्रारीला क्रमांक मिळाला तेव्हा

९ सप्टेंबर १९४७. हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क २' या अवाढव्य गणनयंत्राची तपासणी चालू होती. दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी 'एफ' पॅनेलमधील ७० क्रमांकाच्या रिलेत अडकून मेलेला एक पतंग सापडला. यंत्रावर काम करणाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला आणि 'बग' प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना, असा शेरा मारला. ते पान आजही वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे, पतंगासकट.

संगणकातील दोषाला 'बग' हे नाव या पतंगामुळे पडले, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. थॉमस एडिसनने १८७८ मधील एका पत्रात यंत्रांतील बारीकसारीक दोषांसाठी हाच शब्द वापरला होता. शब्द आधीच रूढ नसता, तर नोंदवहीतला तो विनोद झालाच नसता. पतंग शोधण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या ग्रेस हॉपर यांनी ही हकिकत लोकप्रिय केली; पतंग मात्र त्यांनी पकडलेला नव्हता.

या दंतकथेच्या गोंगाटात नोंदीचे खरे महत्त्व हरवून जाते. तिच्यात तारीख आहे, वेळ आहे, दोषाची नेमकी जागा आहे आणि पुरावा जोडलेला आहे. दोषनोंद कशी असावी, याचा इतका नेटका नमुना विरळाच. अर्थात तेव्हा ते सोपेही होते. यंत्र चालवणारे, दोष शोधणारे आणि तो दुरुस्त करणारे एकाच छताखाली वावरत होते. पुढच्या चार दशकांत हे छत नाहीसे झाले. यंत्र एका देशात बनू लागले, चालवणारा दुसऱ्या देशात बसू लागला आणि सॉफ्टवेअर लिहिणारा दोघांनाही कधी दिसेनासा झाला. दोष भोगणारा आणि दोष सुधारू शकणारा यांच्यातील या अंतराची किंमत माणसांना जिवानिशी मोजावी लागली, ती 'थेरॅक-२५' या यंत्राच्या बाबतीत.

थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र. ते बनवले होते कॅनडा सरकारच्या मालकीच्या 'अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड' या कंपनीने. अशी अवघी ११ यंत्रे वापरात होती, ५ अमेरिकेत आणि ६ कॅनडात. आधीच्या थेरॅक-२० मध्ये काही चुकल्यास किरण रोखून धरणारी स्वतंत्र यांत्रिक व विद्युत सुरक्षाव्यवस्था होती. नव्या यंत्रात त्या कामाचा मोठा भाग सॉफ्टवेअरवर सोपवण्यात आला. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात ६ रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा मिळाली. त्यांतील काही दगावले.

तक्रारी झाल्या नाहीत, असे मुळीच नाही. जून १९८५ मध्ये जॉर्जिया राज्यातील मॅरिएटा येथे एका महिलेला उपचार चालू असतानाच तीव्र भाजल्याची जाणीव झाली. यंत्राकडून असे घडू शकते का, असे रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने कंपनीला विचारले. तीन दिवसांनी उत्तर आले: शक्य नाही. जुलैत कॅनडातील हॅमिल्टन येथे दुसरा अपघात झाला. कंपनीने एका सूक्ष्म स्विचवर संशय घेतला, पण दोष पुन्हा घडवून पाहणे तिला जमले नाही. तरीही दुरुस्ती केल्याचे जाहीर करून यंत्र पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी सुरक्षित झाल्याचा दावा तिने केला. डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथून तक्रार आली. ही इजा आमच्या यंत्रामुळे होणे अशक्य आहे आणि अशी दुसरी घटना आमच्या माहितीत नाही, असे उत्तर तिलाही मिळाले.

या टप्प्यावर क्षणभर थांबायला हवे. याकिमाच्या डॉक्टरांना मॅरिएटा आणि हॅमिल्टनची वार्ता नव्हती. प्रत्येक रुग्णालय आपापल्या दूरध्वनीवरून, आपापल्या पत्रातून एकाच दाराशी जात होते आणि प्रत्येकाला वाटत होते, या दाराशी आलेले आपण पहिलेच. सगळे धागे एकाच हातात होते. तो हात कंपनीचा होता.

२१ मार्च १९८६ रोजी टेक्सासमधील टायलर येथे अनुभवी चालक महिलेने उपचाराची माहिती भरताना 'ई'ऐवजी 'एक्स' अक्षर टाइप केले. चूक लक्षात येताच कर्सर वर नेऊन तिने ती सफाईने सुधारली. यंत्र थांबले आणि पडद्यावर अक्षरे उमटली: 'मालफंक्शन ५४'. याचा अर्थ चालकांच्या पुस्तिकेत कोठेही दिलेला नव्हता. असले संदेश यंत्र दिवसाकाठी अनेकदा देई, म्हणून तिने नेहमीप्रमाणे पुढे जाण्याची 'पी' ही कळ दाबली. उपचारकक्षातला कॅमेरा त्या दिवशी बंद होता, बोलण्याची सोयही नादुरुस्त होती. आत रुग्ण वेदनेने उठू पाहत होता. त्याला १८० रॅड मात्रा द्यायची होती. मिळाली १६,५०० ते २५,००० रॅडच्या दरम्यान, असा अंदाज पुढे बांधण्यात आला.

कंपनीच्या अभियंत्यांनी दिवसभर चाचण्या घेतल्या. दोष दिसला नाही. रुग्णाला विजेचा धक्का बसला असावा, असा तर्क मांडला गेला आणि यंत्र पुन्हा सुरू झाले. ११ एप्रिलला त्याच चालक महिलेसमोर तोच संदेश पुन्हा झळकला. दुसऱ्या रुग्णाचा तीन आठवड्यांत मृत्यू झाला.

मग या रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र बंद केले आणि चालक महिलेला सोबत घेऊन तो कळफलकापुढे बसला. तिने त्या दिवशी नेमके काय केले, कोणत्या क्रमाने, किती वेगाने, हे दोघे पुन्हा पुन्हा करून पाहत राहिले. अखेर गुंता सुटला. यंत्रातील चुंबकांना जागच्या जागी यायला सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्या अवधीत कोणी माहिती दुरुस्त केली, तर पडद्यावर बदल दिसे, पण यंत्राच्या एका भागाला तो कळतच नसे. सावकाश टाइप करणाऱ्याला हा दोष कधीच भेटला नसता. कंपनीच्या अभियंत्याला त्यांनी कृती कळवली, तेव्हा त्यालाही तो सापडेना. भरभर टाइप करा, असे सांगितल्यावर सापडला. म्हणजे दोष शोधण्याची निर्णायक माहिती कंपनीच्या कागदपत्रांत नव्हती, ती एका कुशल चालक महिलेच्या बोटांत होती. आणि तिच्या नोंदीला तोवर कोणी किंमत दिली नव्हती.

कंपनीचा पहिला उपायही नमूद करण्याजोगा आहे. १५ एप्रिलच्या पत्राने रुग्णालयांना कळवण्यात आले की, कर्सर वर नेणाऱ्या कळीची टोपी काढून टाका आणि खालचा भाग चिकटपट्टीने झाकून घ्या. हार्वर्डच्या चिकटपट्टीने दोष सर्वांना दाखवला होता. ही पट्टी तो झाकणारी होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २ मे रोजी यंत्र सदोष ठरवले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये यंत्र वापरणारे प्रथमच एकत्र बसले. वैद्यकीय उपकरणामुळे झालेला गंभीर अपघात कळवण्याचे बंधन तोवर उत्पादकांवर होते, रुग्णालयांवर नव्हते. ते आले १९९० च्या कायद्याने.

अगदी वेगळ्या मंडळींनी, वेगळ्या कारणांसाठी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. थेरॅकपासून धडा घेऊन त्यांनी तसे केले, असे म्हणण्यास आधार नाही. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या 'डेबियन' प्रकल्पात जगभरचे स्वयंसेवक विनामोबदला एक कार्यप्रणाली उभारत होते. त्यांना एकत्र आणणारे छत नव्हतेच. १९९४ मध्ये इयान जॅक्सन यांनी त्यांच्यासाठी एक दोषनोंद-व्यवस्था लिहिली. कोणीही ठरलेल्या पत्त्यावर ईमेल पाठवावा. त्याला क्रमांक मिळे, त्या क्रमांकाखालचा सारा पत्रव्यवहार एकत्र साठे आणि तो कोणालाही वाचता येई. १९९७ च्या 'सामाजिक करारा'त डेबियनने तर लेखी वचन दिले की, आम्ही अडचणी लपवणार नाही, दोषांची नोंदवही सदैव खुली राहील. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आपल्या चुकांची वही चव्हाट्यावर टांगण्याचे वचन द्यावे, ही तोवरच्या व्यापारी रीतीच्या थेट विरुद्ध गोष्ट होती.

पुढच्याच वर्षी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा स्रोत खुला केला. त्यातून उभ्या राहिलेल्या मोझिला प्रकल्पासाठी टेरी वाइसमन यांनी 'बगझिला' तयार केले. बगझिलाने निकालांची परिभाषाच घडवली: दुरुस्त झाले, मुळात दोष नव्हे, आधीच नोंदवलेले आहे, दुरुस्त करणार नाही, आमच्याकडे तर चालते. यांतला शेवटचा निकाल टायलरच्या रुग्णालयाला फार ओळखीचा वाटला असता. नोंद करणाऱ्यांनाही शिकवणे भागच होते. 'चालत नाही' एवढेच लिहिणाऱ्यांना सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये एका निबंधातून समजावले की, आपला तर्क बाजूला ठेवा. आपण काय केले आणि काय दिसले, ते क्रमाने सांगा.

दोषांचे असे जमले. मागण्यांचे काय? दोष म्हणजे ठरले होते ते न घडणे. मागणी म्हणजे जे ठरलेच नव्हते ते हवे असणे. कागदावर हा भेद स्पष्ट दिसतो, व्यवहारात नेहमीच धूसर होतो. वापरणाऱ्याला जो दोष वाटतो, तो बनवणाऱ्याच्या दृष्टीने जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो. डेबियनने यावर साधा तोडगा काढला: मागणी म्हणजे सर्वांत कमी तीव्रतेचा दोष. तिचे नाव 'विशलिस्ट', पण वही तीच. या धूसरपणाची गंमत मार्क शटलवर्थ यांनी २००४ मध्ये केली. उबंटू प्रकल्पातील पहिल्या क्रमांकाचा दोष म्हणून त्यांनी नोंदवले की, बाजारातला मोठा वाटा मायक्रोसॉफ्टकडे आहे! फोन आणि टॅबलेटने बाजाराचे रूप पालटल्यावर, २०१३ मध्ये, त्यांनी स्वतःच तो दोष निकाली काढला.

प्रोग्रामरांच्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रश्नोत्तरांच्या व्यासपीठावर हा पेच सर्वांत उघडपणे पाहायला मिळतो. जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते २००८ मध्ये सुरू केले. वापरणारे सगळे स्वतःच प्रोग्रामर, त्यामुळे प्रत्येकाला दोषही दिसत आणि उपायही सुचत. प्रारंभी सूचनांसाठी बाहेरची एक सेवा वापरली गेली. २००९ च्या जूनमध्ये 'मेटा' हा स्वतंत्र विभाग निघाला. तेथे दोष आणि मागणी यांना वेगवेगळी लेबले मिळाली आणि निकालाचीही लेबले ठरली: पूर्ण, नामंजूर, हेतुपुरस्सर तसेच, पुन्हा घडवता आले नाही. मागणीवर बाजूने वा विरुद्ध मत देता येई. पण भरघोस मते पडली म्हणून मागणी मान्य होईलच, असे नव्हते. समुदायाचे ऐकावे, मात्र काय करायचे हे त्याच्यावर सोपवू नये, असे अ‍ॅटवूड यांनी २०१२ मध्ये स्पष्टच लिहिले. ही भूमिका अनेकांना उद्धट वाटली. ती उद्धट असेलही, पण तिच्यात लपवाछपवी नव्हती. काम केव्हा होईल, या प्रश्नाला मिळणारे 'सहा ते आठ आठवडे' हे ठरावीक उत्तर तर तेथे कायमचा विनोद होऊन बसले.

खुलेपणालाही मर्यादा होत्या. सुरक्षेला भगदाड पाडणारे दोष दुरुस्ती होईपर्यंत झाकून ठेवण्याची मुभा मोझिलानेही राखली. बाकीच्या नोंदींना मात्र नकार मिळाला, तरी तो मूळ तक्रारीशेजारीच, सर्वांना दिसेल असा उभा राहतो. 'पुन्हा घडवता आले नाही' हा शेरा आजही रोज मारला जातो. त्याच्या खाली तोच दोष भेटलेला दुसरा कोणी अनोळखी माणूस एक ओळ लिहू शकतो: जरा भरभर टाइप करून पाहा.