ऑईल कूलर, विहिरीवरचं इंजिन आणि बायपास

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या लोकांत एक प्रश्न उन्हाळा लागला की हमखास निघतो. ऑईल कूलर गळतोय, नवा मिळत नाही, आणि मिस्त्री म्हणतोय, "बायपास मारून देतो, काय होत नाही." मारू द्यावा का? एका शब्दात हो किंवा नाही सांगणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र या उत्तराच्या शोधात साताऱ्या-सांगलीच्या विहिरींपर्यंत मागे जावं लागलं. वळण लांबचं आहे, पण रस्ता चांगला आहे. चहा घेऊन बसा.

इंजिन या विषयात हा टापू काही कालचा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, कारखाना आणला. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. (हा जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून तयार झाला, सांगली हे नाव १९६० चं.) इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली लोखंडी नांगरांपासून सुरुवात केली आणि १९३० च्या दशकात त्यांच्या कारखान्यातून डिझेल इंजिनं बाहेर पडू लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते, हे साताऱ्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं! पुढे कूपर इंजिनिअरिंग वालचंद समूहात गेलं. त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, म्हणजे आपल्या फियाटची आणि पद्मिनीची कंपनी. आणि सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेजही त्यांच्याच नावाचं. नांगर, इंजिन, मोटार, कॉलेज, सगळं एकमेकांत असं गुंतलेलं आहे.

असो. मुद्द्यावर येऊ.

विहिरीवरचं जुनं इंजिन म्हणजे मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारं, भलंमोठं फ्लायव्हील असलेलं धूड. ते थंड ठेवायची मूळ पद्धत अगदी साधी. शेजारी पाण्याची टाकी, दोन पाइप. जॅकेटमधलं पाणी तापलं की हलकं होऊन वरच्या पाइपानं टाकीत जातं आणि खालच्या पाइपानं गार पाणी आत येतं. पंप नाही, पट्टा नाही, बिघडायला काहीच नाही. याला थर्मोसायफन म्हणतात. फोर्डची मॉडेल टी, जी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात बनली, तीही याच तत्त्वावर थंड होत असे. म्हणजे तेव्हाची मोटार आणि मळ्यातलं इंजिन, दोघांचं डोकं एकच.

पण शेतकऱ्याच्या लक्षात आलं की टाकी हवीच कशाला? इंजिन पाणीच तर उपसतंय! मग पंपाच्या डिलिव्हरी पाइपाला एक बारीक नळी जोडायची, ती जॅकेटमध्ये सोडायची आणि बाहेर पडलेलं पाणी सरळ पाटात. विहिरीचं गारेगार पाणी, कधी न संपणारं. उसाला दारं धरणाऱ्या माणसाला इंजिन गरम व्हायची भीतीच उरली नाही.

आणि इथेच खरी गोम आहे. ही इंजिनं गरम होऊन मरत नव्हती, ती गार राहून झिजत होती. सिलिंडरची भिंत फार थंड राहिली की डिझेल पूर्ण जळत नाही. डिझेलमधल्या गंधकापासून बनलेलं आम्ल लायनरवर दव धरावं तसं साचतं आणि धातू खातं. तेल घट्ट राहतं, डिझेल जास्त लागतं, आणि बोअरचं काम लवकर निघतं. हात लावला तर इंजिन छान गार! मालक खूष. झीज मात्र आत चालूच.

यावर उपाय काय? कॉक. नळीवरचा कॉक एवढाच उघडायचा की बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरवू नये, म्हणजे साठ-सत्तर अंश. बाकीचं पाणी जॅकेटला वळसा घालून शेताकडे. हाच बायपास. कामचुकार मिस्त्रीनं शोधलेला नव्हे, इंजिन जगावं म्हणून ठेवलेला. (आमच्या धंद्यात कॅशे टाळून जायचा फ्लॅग असतो. तो कधी लावायचा हे कळणारा एखादाच, लावून ठेवून विसरणारे पुष्कळ. इथेही तसंच.)

आता गाडी आणि तेल. तेल फक्त वंगण म्हणून असतं असा सरसकट समज आहे. पण पिस्टनच्या पोटाला आणि क्रँकच्या बेअरिंगला पाणी पोचत नाही, तिथली उष्णता तेलच उचलून आणतं. रोजच्या फियाटला यासाठी वेगळा कूलर लागत नसे, खालच्या सम्पला वारा लागला की भागायचं. ज्यांना लागला त्यांत सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे फोक्सवॅगन बीटल. हवेवर थंड होणारं इंजिन, रेडिएटर नाहीच, आणि तेल अवघं अडीच लिटर.

बीटलचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. जुन्या इंजिनात ऑईल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या घरातच, वाऱ्याच्या वाटेत बसवलेला होता. तेल गार व्हायचं, पण त्याच्या मागे असलेल्या तिसऱ्या सिलिंडरला उरलेला गरम वारा मिळायचा. तो सिलिंडर जास्त तापायचा. काही डिस्ट्रिब्युटरांमध्ये तर त्या एका सिलिंडरची ठिणगी मुद्दाम जरा उशिरा पाडलेली असे! शेवटी १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला काढून त्याला स्वतंत्र वाट दिली. एकाला गार करताना दुसऱ्याला भाजायचं, हे निस्तरायला इतकी वर्षं गेली.

पण त्याच इंजिनात एक शहाणपणाची गोष्ट पहिल्यापासून होती. एक झडप. सकाळी तेल गार आणि घट्ट असतं, दाब वाढतो, झडप सरकते आणि तेल कूलरला वळसा घालून थेट बेअरिंगकडे जातं. तापून पातळ झालं की झडप बसते आणि तेल कूलरमधून जाऊ लागतं. म्हणजे बायपास कारखान्यातच बसवून दिलेला आहे. विहिरीवरचा कॉक माणूस फिरवायचा, इथे तेल स्वतः फिरवतं, इतकाच फरक. तेलालाही साधारण ऐंशी अंशांच्या वर जावंच लागतं, नाहीतर त्यात मिसळलेलं पाणी उडून जात नाही आणि चिखल जमतो.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे. बायपास मारावा का? आधी गळतंय काय ते बघा. बीटलमध्ये बऱ्याचदा कूलर ठणठणीत असतो आणि त्याच्या बुडाशी असलेली रबरी सीलं कडक झालेली असतात. त्यांचे मापाचे प्रकार आहेत, चुकीचं बसवलं की पुन्हा गळती आणि पुन्हा कूलरच्या नावानं शिव्या. कूलरच फुटला असेल तर तोंडं बंद करून हवा भरा, पाण्यात बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. तांब्या-पितळेचा असेल तर चांगला रेडिएटरवाला डाग देऊन देतो. ॲल्युमिनियमचा असेल तर आर्गन वेल्डिंगवाला गाठायचा.

पाण्यानं तेल गार करणारा कूलर असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त, म्हणून तेल पाण्यात जातं आणि रेडिएटरचं झाकण उघडल्यावर साय दिसते. इंजिन बंद केलं की उलटं होतं, तापलेलं पाणी तेलात शिरतं. दुधाळ तेलावर बेअरिंग टिकत नाही. इथे बायपास हाच तात्पुरता योग्य उपाय, पण तेल बदलून आणि पाण्याची बाजूही नीट बंद करून.

आणि बायपास करताना एक गोष्ट. समोर बसवलेल्या कूलरचे जाणारे आणि येणारे असे दोन होज असतात, ते एकमेकांना जोडायचे. दोन्हींना वेगवेगळं बूच मारून मोकळा होणारा कारागीर भेटला तर गाडी तिथून उचला. ज्या इंजिनात सगळं तेल कूलरमधूनच पुढे जातं, तिथे बूच म्हणजे बेअरिंगला तेल बंद. होजही तेलाचा आणि दाब सोसणारा हवा, बागेतली नळी चालत नाही. (हसू नका. पाहिलंय.)

बेअरिंग एकदा गेलेलं असेल तर जुना कूलर कितीही धुतला तरी परत लावू नये. त्याच्या बारीक वाटांत धातूचा कीस अडकतो आणि नव्या बेअरिंगच्या वाट्याला येतो.

राहता राहिला रस्ता. सांगलीतल्या सपाट रस्त्यावर रविवार सकाळची अर्ध्या तासाची फेरी बायपासवर खुशाल करा, दाबाच्या काट्यावर नजर ठेवून. पण मे महिन्यात चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी किंवा पसरणी चढायची असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात, वारा कमी आणि तेल पातळ. कूलर याच पंधरा मिनिटांसाठी बनवलेला असतो. तो दुरुस्त होईपर्यंत साताऱ्याहून वाईपर्यंत जा, ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या आणि घाट न चढता परत फिरा.