मांजराला माशाचं तेल देताय? आधी डबीवर काय लिहिलंय ते वाचा

मांजराचे केस गळायला लागले, अंगावर कोंडा दिसला की मेडिकलमधून माशाच्या तेलाची कॅप्सूल आणायची आणि फोडून दुधात घालायची, असा उपाय हल्ली मोबाईलवर सर्रास सांगितला जातो. उपाय अगदीच चुकीचा नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 मुळे काही मांजरांची खाज आणि त्वचेची सूज कमी होते, म्हाताऱ्या मांजरांच्या आखडलेल्या सांध्यांनाही थोडा आराम मिळतो. पण मांजराचं वजन असतं तीन-चार किलो आणि कॅप्सूल बनवलेली असते साठ किलोच्या माणसासाठी. शिवाय माशाचं तेल म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू एकच नसते. घोळ इथेच होतो.

कॉड लिव्हर ऑईल नको

दुकानात दोन वेगळ्या कॅप्सूल मिळतात. एक असते 'फिश ऑईल', म्हणजे माशाच्या अंगातलं तेल. दुसरी 'कॉड लिव्हर ऑईल', म्हणजे माशाच्या काळजाचं तेल. दिसायला दोन्ही पिवळ्या, मऊ, चकचकीत. दुकानदारही कधीकधी एकाऐवजी दुसरी देतो. मांजरासाठी घ्यायची ती पहिली.

काळजाच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं. मांजराला अ जीवनसत्त्व लागतं, पण जास्त झालेलं शरीराबाहेर पडत नाही, यकृतात साठत जातं. असं महिनोन्महिने चाललं तर मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं आणि मणके एकमेकांना चिकटतात. मांजराला मान वळवता येत नाही, अंग चाटता येत नाही, उचललं की ते ओरडतं. वाढलेलं हाड परत जात नाही. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर घाला येतो. उलट्या होतात, मांजर सारखं पाणी पितं. मुशीच्या किंवा मोरीच्या काळजाचं तेलही त्याच कारणासाठी टाळावं. मटणाच्या दुकानातून रोज नुसती कलेजी आणून मांजराला घालणाऱ्यांनाही हे लागू आहे. आठवड्यातून एकदा छोटा तुकडा ठीक, रोजची वाटी नाही.

आणखी दोन तेलं गावात सहज हाताशी असतात. होडीच्या लाकडाला चोळायचं तेल आणि शेती केंद्रात मिळणारा फिश ऑईल रोझिन साबण. दुसरं तर पिठ्या ढेकणावर फवारायचं औषध आहे. नावात 'फिश ऑईल' असलं तरी ही खाण्याची वस्तू नव्हे, मांजराच्या तोंडाजवळही नेऊ नये. जवसाचं तेल विषारी नाही, पण मांजराचं शरीर त्यातून उपयोगाचं ओमेगा-3 फारसं बनवू शकत नाही. म्हणून माशाच्या तेलाच्या जागी ते चालत नाही.

किती द्यायचं?

डबीच्या मागे इंग्रजीत ई-पी-ए आणि डी-एच-ए अशी तीन-तीन अक्षरं असतात, पुढे मिलिग्रॅमचा आकडा. या दोन आकड्यांची बेरीज महत्त्वाची. पुढे मोठ्या अक्षरात छापलेलं '1000 मिलिग्रॅम' म्हणजे नुसतं तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा 180 ईपीए आणि 120 डीएचए, म्हणजे मिळून 300 मिलिग्रॅम असतं.

मांजराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 30 मिलिग्रॅम, हा सुरुवातीचा अंदाज धरता येतो. तीन किलोच्या मांजराला 90 मिलिग्रॅम, म्हणजे साध्या कॅप्सूलचा जेमतेम तिसरा भाग. पहिल्या आठवड्यात त्याच्याही निम्मंच द्यावं. 'डबल' किंवा 'ट्रिपल स्ट्रेंथ'च्या कॅप्सूलमध्ये हाच आकडा दुप्पट-तिप्पट असतो, तेव्हा शेजारच्यानं सांगितलेले थेंब मोजून उपयोग नाही. नेमका डोस मांजर बघून पशुवैद्यकीय डॉक्टरच ठरवतील. सांध्यांच्या दुखण्यात ते जास्तही देतात, पण ते त्यांच्या देखरेखीखाली. पोटुशी मांजरी आणि लहान पिल्लं यांना तर विचारल्याशिवाय काहीच देऊ नये.

कॅप्सूलला स्वच्छ सुईनं भोक पाडायचं, सुई काढलेल्या 1 मिलीच्या सिरिंजमध्ये तेल ओढायचं आणि खाण्यावर टाकायचं. साध्या कॅप्सूलचा तिसरा भाग म्हणजे साधारण 0.3 मिली. मांजराचं तोंड उघडून घशात तेल ओतू नका. तेल श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला सूज येते आणि ती बरी करणं अवघड असतं. उरलेलं तेल झाकून फ्रीजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी चालेल, त्यानंतर फेकून द्यावं. खवट वास आला तर सगळी डबीच बाद. लिंबू-संत्र्याच्या वासाच्या किंवा गोड चवीच्या कॅप्सूल मांजरासाठी घेऊ नयेत.

बंदराजवळच्या मांजरांचं वेगळं

हर्णैसारख्या बंदरावर किंवा कोळीवाड्यात वाढणाऱ्या मांजराला वरून तेलाची गरज सहसा नसतेच. तारली, बांगडा, कुपा असे तेलकट मासे रोज आणि फक्त तेच खाणाऱ्या मांजराला उलट ई जीवनसत्त्व कमी पडतं आणि अंगातली चरबी सुजून पिवळी होते. असं मांजर हात लावू देत नाही, ताप येतो, खाणं सुटतं. त्यात अजून तेल घातलं तर भरच पडते. तारलीसारखे काही मासे रोज कच्चे दिले तर ब-1 जीवनसत्त्वही नष्ट होतं. मांजर झोकांड्या खातं, मान खाली पडते, झटकेही येतात. मासा उकडून, काटा काढून दिला की हा ब-1चा धोका टळतो.

लांजा-संगमेश्वरकडच्या घरातलं दूध-भाकरीवर जगणारं मांजर ही दुसरी बाजू. त्याची कातडी कोरडी असते ती मुळात मांस कमी पडतं म्हणून. मांजराला टॉरिन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळतो. तो नसेल तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. तिथे कॅप्सूलपेक्षा उकडलेलं चिकन, मासा जास्त कामाचा.

आणि केस गळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पिसवा. शेपटीच्या बुडाशी केस बाजूला करून बघा. काळे दाणे दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा, लालसर डाग पडला तर पिसवाच. कानाला खपल्या धरल्या असतील तर खरूज असू शकते. गोल चट्टे गजकर्णाचे असू शकतात आणि ते घरातल्या मुलांनाही लागतं. यातलं काहीही माशाच्या तेलानं बरं होत नाही. कुत्र्याचं पिसवांचं औषधही मांजराला लावू नये, त्यातल्या काहींनी मांजर दगावतं.

तेल सुरू केल्यावर फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. मधेच जुलाब किंवा उलट्या झाल्या तर थांबवायचं. दुखतंय म्हणून सोबत माणसाची पॅरासिटामॉल तर अजिबात नको, एका गोळीनं मांजर मरू शकतं. नसबंदीचं किंवा दुसरं ऑपरेशन ठरलं असेल तर तेल चालू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण त्यानं रक्त गोठायला वेळ लागू शकतो.

मांजरानं चोवीस तास काहीच खाल्लं नाही, मान आखडली किंवा झटके आले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं. सरकारी फिरत्या पथकाचा टोल-फ्री क्रमांक 1962 आहे. जाताना तेलाची डबी सोबत घ्यावी आणि किती दिवस, किती दिलं ते लिहून न्यावं.